शंभर नव्या बिअरचा बेत आणि पत्नीचं एक वाक्य

वाचकाचा प्रश्न

पुण्यात राहणारे, चाकणच्या एका कारखान्यात इंजिनीअर असलेले ३८ वर्षांचे एक वाचक लिहितात: गेली काही वर्षं त्यांना वेगवेगळ्या बिअर चाखण्याचा नाद लागला आहे. व्हिस्की, रम यांत त्यांना रस नाही. चाखलेली प्रत्येक बिअर ते मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये नोंदवतात, तिला गुण देतात. या वर्षी नव्या बिअरची साठी ओलांडली, पुढच्या वर्षी शंभर गाठायच्या आहेत. यादी तयार आहे. दर शुक्रवारी-शनिवारी मिळून दोन-तीन, मे महिन्यात कंपनीच्या कामासाठी जर्मनीत कोलोनजवळ तीन आठवडे मुक्काम आहे तेव्हा म्युनिक, बामबर्ग, प्राग, ब्रसेल्स, आणि डिसेंबरात गोव्याहून एक खोका. घरी बिअर बनवण्याचा संच मागवायचंही मनात आहे. यादी पत्नीला दाखवली तेव्हा ती म्हणाली, "हा छंद नाही, पिण्याचं निमित्त आहे." भांडण झालं नाही, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. यादी पूर्ण कशी करावी आणि घरी कसं पटवून द्यावं, असं ते विचारतात.

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात यादी दिसली, दुसऱ्या वाचनात तुम्ही दिसलात. पत्राच्या मध्यावर तुम्ही एका गव्हाच्या बिअरबद्दल लिहिलं आहे, की तिला केळ्याचा वास का येतो हे तुम्हाला अजून कळलेलं नाही. सबंध पत्रात तुम्ही खरोखर बिअरबद्दल बोलला आहात ते तिथेच. बाकी सगळीकडे आकडे आहेत. पुढच्या वर्षाची आखणी त्या केळ्याच्या वासापासून सुरू करावी, असं मला मनापासून वाटतं.

आधी पत्नीच्या वाक्याकडे येतो, कारण तुम्ही त्याला शेवटी ठेवलंत तरी पत्र लिहायला त्यानेच लावलं. तुम्ही "पटवून कसं द्यावं" विचारता. त्यात त्या चूक आहेत असं आधीच धरलेलं आहे. मला त्या पूर्ण चूक वाटत नाहीत. अ‍ॅपमधला आकडा वाढायचा तर बाटली उघडावी लागते. न उघडता वाढेल असं त्यात काही नाही. महिनाअखेरीस ठरलेल्या आठ झाल्या नसतील तर शेवटच्या शनिवारी इच्छा नसतानाही दोन उघडल्या जातील. चवीची ओढ नसताना आकड्यासाठी प्यायलेली बिअर हे निमित्तच झालं. त्याच वेळी, केळ्याचा वास कुठून आला हा प्रश्न ज्याला पडतो तो नुसता पिणारा नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी तुमच्यात एकत्र आहेत. पुढचं वर्ष त्यातली कुठली वाढवायची हे ठरवण्यासाठी आहे.

एकदा हिशेब मांडून बघा. ३३० मिलीची, ५ टक्क्यांची एक बाटली म्हणजे साधारण १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. शंभर बाटल्या म्हणजे ३३ लिटर बिअर आणि सव्वा किलोहून जास्त अल्कोहोल. आणि ही फक्त नव्यांची मोजणी. आवडलेली बिअर पुन्हा घेतली, मित्रांबरोबर एखादी झाली, तर ती वेगळी. यादीत 'स्ट्राँग' बिअरही बऱ्याच दिसल्या. ८ टक्क्यांची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, म्हणजे साध्या छोट्या तीन बाटल्यांइतकं. अ‍ॅपमध्ये मात्र तीही 'एक'च. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अल्कोहोलला १९८८ मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की पूर्णपणे सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. मी तुम्हाला बिअर सोडा म्हणत नाही. पण किती पितो हे माहीत असलेल्या माणसानेच हा नाद करावा. घरचं माणूस काळजी करतं तेव्हा त्याच्या मनात हाच हिशेब असतो, ग्रॅममध्ये नसला तरी.

आता तुमच्या यादीमागचं दुसरं गृहीतक. नवं लेबल म्हणजे नवी चव, असं तुम्ही धरून चालला आहात. यादीतल्या पहिल्या चाळीस नावांवर मी खुणा केल्या, तर त्यांतल्या निम्म्याहून जास्त फिकट लागर निघाल्या. लागर म्हणजे थंडाव्यात, साधारण ७ ते १३ अंशांत, सावकाश आंबवलेली आणि मग थंडीतच मुरवलेली बिअर. १८४२ मध्ये चेक प्रदेशातल्या प्ल्झेन गावात योझेफ ग्रोल या ब्रुअरने सोनेरी पिल्सनर बनवली, आणि आज जगभरच्या दुकानांत जी पिवळी, फसफसणारी बिअर दिसते ती बहुतेक तिचीच वंशज. त्यात कित्येक कंपन्या बार्लीबरोबर तांदूळ किंवा मका वापरतात, म्हणून चव आणखी हलकी होते. अशा वीस बाटल्यांनी अ‍ॅपमध्ये वीसची भर पडेल, जिभेला कळेल असं मात्र फार थोडं.

खात्री करायची असेल तर एका संध्याकाळी हे करा. दोन कंपन्यांच्या साध्या लागर आणा. तुमच्यामागे कुणालातरी तीन ग्लास भरायला सांगा, प्रत्येकात चार-पाच घोट. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा, इतकंच. नुसता अंदाज ठोकला तरी तीनांत एकदा बरोबर येतो, म्हणून पुढच्या एखाद-दोन आठवड्यांत पुन्हा करून बघा. याला त्रिकोणी चाचणी म्हणतात, आणि बिअर कंपन्यांच्या प्रयोगशाळांत ती रोजच्या कामाचा भाग असते. तुम्हाला फरक कळला तर तो नेमका कशात आहे ते लिहा. नाही कळला, तर यादीतली पंधरा-वीस नावं आपोआप गळतील.

मग केळ्याचं काय? जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळं घातलेलं नसतं. तिचं विशिष्ट यीस्ट आंबवताना आयसोअमाइल असिटेट नावाचा पदार्थ तयार करतं, आणि पिकलेल्या केळ्याच्या वासातही तोच असतो. तेच यीस्ट लवंगेच्या वासाशी मिळताजुळता आणखी एक पदार्थ तयार करतं. आंबवण्याचं तापमान, यीस्टचं प्रमाण, माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) कसा शिजवला यांवर केळं वर येईल की लवंग हे ठरतं. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचं तंत्र निराळं. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. ही बिअर जवळजवळ संपली होती. होगार्डेन गावात पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये ती पुन्हा बनवायला घेतली. आपल्याकडे 'व्हाइट' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच बिअर तिच्याच वळणाच्या.

म्हणून जानेवारी ते मार्च हे तीन महिने गव्हाच्या बिअरला द्या. पहिला धडा बाटली न उघडता होईल. एका वाटीत पिकलेल्या केळ्याच्या चकत्या, दुसरीत ठेचलेली लवंग, तिसरीत भरडलेले धणे, चौथीत संत्र्याची ताजी साल. आठवडाभर रोज येता-जाता वास घ्या, शक्यतो डोळे मिटून. मग एका संध्याकाळी जर्मन पद्धतीची एक आणि बेल्जियन पद्धतीची एक शेजारी शेजारी ठेवा. तुम्ही पुण्यात आहात हे तुमचं नशीब. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, डूलाली, २००९ मध्ये इथेच सुरू झाली, आणि आज शहरात ताजी बिअर तिथल्या तिथे बनवणाऱ्या जागा बऱ्याच आहेत. चव बघायला छोटा ग्लास मागितला तर बहुतेक ठिकाणी देतात. गर्दी नसलेल्या दुपारी गेलात आणि ब्रुअर मोकळा असेल, तर यीस्ट कुठलं, किती अंशांवर आंबवलं, हे विचारा. माल्टचे दाणे मागून चावून बघा. आपल्या बिअरबद्दल कुणी इतकं विचारतंय याचा त्यांना आनंदच होतो.

वाट्यांच्या या उद्योगात पत्नीला गोडी वाटली तर उत्तम. रोजच्या स्वयंपाकात मसाले हाताळणाऱ्या माणसाचं नाक तुमच्या-माझ्यापेक्षा तयार असतं. पण त्यांना मन वळवण्याची युक्ती म्हणून बोलावू नका. तसं असेल तर त्यांना लगेच कळेल. त्याआधी त्यांना सरळ विचारा की नक्की कशाची काळजी वाटते. पैशांची? तब्येतीची? की दर शुक्रवार-शनिवार तुम्ही घरात असून नसता याची? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पैशांची असेल तर महिन्याला एक रक्कम दोघांनी मिळून ठरवा आणि ती संपली की संपली. संध्याकाळींची असेल तर दोनपैकी एक शनिवार पूर्ण मोकळा ठेवा, त्या दिवशी बिअरचा विषयच नको. तब्येतीची असेल तर यकृताच्या तपासण्या आणि रक्तदाब तपासून घ्या, आणि कुठलीही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा.

तुम्ही स्वतःसाठीही एक गोष्ट करा, कुणाला दाखवण्यासाठी नको. जूनमध्ये महिनाभर बिअर बंद ठेवा आणि वहीत लिहा की काय आठवतंय. चव, वास, एखाद्या बिअरबद्दलचं कुतूहल आठवत असेल तर छान आहे. फक्त शुक्रवारी सातला अस्वस्थ वाटत असेल, झोप लागत नसेल, चिडचिड होत असेल, तर तुमच्या पत्नीचा अंदाज बरोबर आहे आणि त्याकडे वेळेत लक्ष द्या. हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही सांगतो: रोज आणि भरपूर पिणाऱ्याने अचानक एकट्याने बंद करू नये, ते धोक्याचं ठरू शकतं. आधी डॉक्टरांना भेटा. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करत आहे. तिथे विचारायला जाण्यात कमीपणा नाही.

तुमच्या यादीत आयात केलेल्या आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल (एल ही लागरपेक्षा उबेत आंबवलेली बिअर), पुष्कळ आहेत, आणि इथे मी थोडा आग्रही होणार आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला येणारी पेल एल काही महिन्यांचा प्रवास पिंपात सोसत असे, हे खरं. पण आज ज्या आयपीएला हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) आंब्या-संत्र्यासारखा वास येतो म्हणून लोक तिच्यामागे लागतात, तो वास फार नाजूक असतो. उष्णतेत काही महिन्यांतच तो उतरतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी एक चव मागे राहते. परदेशातून बोटीने आलेली, गोदामात पडलेली, मग दुकानाच्या शेल्फवर एप्रिल काढलेली बाटली तुमच्यासाठी नवी असली तरी आत ती म्हातारी झालेली असते. अशा बिअरला तुम्ही कमी गुण देता, पण त्यात बनवणाऱ्याचा दोष नसतो. लेबलवर बनवल्याची तारीख बघा. आयपीए तीन महिन्यांच्या आतली आणि फ्रिजमधलीच घ्या, नाहीतर घेऊच नका. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली उजेडात ठेवलेली दिसली तरी सोडून द्या. प्रकाशाने हॉप्समधले कडू पदार्थ बिघडतात आणि बिअरला उग्र, कुबट वास येतो. तपकिरी काच बरंच वाचवते, कॅन पूर्ण वाचवतो. आणि घरी ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फासारख्या थंड बिअरला वासच येत नाही. साध्या लागरला ५-६ अंश ठीक, पण काळ्या स्टाउटला १०-१२ अंशांपर्यंत येऊ द्या. भाजलेल्या बार्लीतून येणारा कॉफीचा, कोकोचा वास तेव्हाच उघडतो. स्टाउट पावसाळ्यासाठी राखून ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये ती जास्त रुचते.

बाटली वाटून घ्या. चौघांत एक ३३० मिलीची बाटली म्हणजे प्रत्येकाला ऐंशी मिली, आणि चव समजायला तेवढी पुरते. चौघांनी स्वतंत्रपणे चार ओळी लिहायच्या, मग एकमेकांना वाचून दाखवायच्या. अ‍ॅप ठेवा हवं तर, पण गुण देण्याआधी वहीत लिहा. महिन्याला चार बिअर, म्हणजे वर्षाला पन्नासच्या आत, हा माझा सल्ला. त्यातली एक तरी आधी चाखलेली असावी. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही जिला पाचपैकी तीन दिलेत, ती आज कशी लागते हे बघण्यात शिकण्यासारखं खूप आहे.

कायद्याचं थोडक्यात. गोव्याहून खोका आणू नका. तिथली बिअर तिथे विकण्यापुरतीच असते, परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी होते. गोव्यातली गोव्यातच प्या. घरी बिअर बनवण्याचा संचही विसरा. आपल्या राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही. पिण्याचा परवाना नसेल तर तो काढून घ्या, आणि बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, हे तरुण वाचकांसाठी. गाडी चालवायची असेल त्या दिवशी एक घोटही नको. चार चाखण्या झाल्या तरी रिक्षा किंवा कॅबनेच घरी या.

आता मे महिना, म्हणजे तुमच्या वर्षातला सगळ्यात समृद्ध भाग, आणि तोच तुम्ही 'उरकायला' निघाला आहात. म्युनिक, बामबर्ग, प्राग तिन्ही खोडा. बामबर्गची धुरावलेली बिअर सोडायची म्हणजे जिवावर येईल, मला कल्पना आहे. बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची चव दुसरीकडे क्वचितच भेटते. पण शनिवार-रविवारात तिथे धावत जाऊन दमून परत याल. तुम्ही ज्या गावाजवळ राहणार आहात तिथेच तीन आठवडे पुरेल इतकं आहे.

कोलोनची बिअर कोल्श. ती वरून आंबवणाऱ्या यीस्टने, म्हणजे एलसारखी आंबवतात, आणि मग लागरसारखी थंडीत मुरवतात. दिसायला अगदी फिकट पिल्सनर, पण नाकाजवळ नेली की हलका फळांचा वास. एल आणि लागर या दोन जातींच्या मधोमध ती उभी आहे. कोल्श कुणी म्हणवून घ्यायची याचा करार तिथल्या ब्रुअरींनी १९८६ मध्ये केला, आणि १९९७ पासून युरोपीय संघात ते नाव संरक्षित आहे, म्हणजे कोलोन आणि परिसरातलीच. ती २०० मिलीच्या अरुंद, सरळ ग्लासात देतात. निळ्या कपड्यातला वाढपी, त्याला तिथे कोबेस म्हणतात, ग्लास रिकामा दिसला की न विचारता दुसरा ठेवतो आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर एक रेघ ओढतो. थांबायचं असेल तर ती चकती ग्लासावर ठेवायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पाच छोटे ग्लास म्हणजे एक लिटर होतो आणि बोलण्याच्या नादात लक्षात येत नाही. फ्रीझेनस्ट्रासवरच्या पेफगेनमध्ये जा. १८८३ पासून ते तिथेच बिअर बनवतात आणि तिथेच पिंपातून वाढतात. दोन ग्लास, सावकाश.

दुसऱ्या शनिवारी ड्युसेलडॉर्फ. रेल्वेने अर्धा तास. तिथली बिअर आल्ट, तीही वरून आंबवलेली आणि थंडीत मुरवलेली, म्हणजे पद्धत जवळजवळ तीच. पण माल्ट जास्त भाजलेला, रंग तांबूस तपकिरी, कडवटपणा ठसठशीत. जुन्या गावातलं युरिगे १८६२ पासूनचं आहे. या दोन गावांचं एकमेकांशी वैर जुनं आहे आणि ते बिअरवरूनही चालतं. ड्युसेलडॉर्फमध्ये कोल्श मागू नका. आदल्या आठवड्यातली वही सोबत न्या. यीस्ट जवळचं, पाणी एकाच नदीच्या खोऱ्यातलं, आणि फक्त माल्ट-हॉप्स बदलल्यावर काय होतं हे तुम्हाला एका आठवड्यात समजेल. शंभर लेबलांनी हे समजणार नाही.

तिसरा शनिवार ब्रसेल्सला, कोलोनहून वेगवान गाडीने सुमारे दोन तास. आंडरलेख्ट भागात कांतियों ही १९०० मध्ये सुरू झालेली ब्रुअरी आहे आणि ती आतून बघता येते. तिथे बिअरमध्ये यीस्ट घालतच नाहीत. थंडीच्या महिन्यांत धान्याचा उकळलेला रस छपराखालच्या उथळ, उघड्या तांब्याच्या टाकीत रात्रभर गार होतो, आणि हवेतले, लाकडातले सूक्ष्मजीव त्यात उतरतात. मग तो ओकच्या पिंपांत एक, दोन, तीन वर्षं मुरतो. ही लॅम्बिक. तरुण आणि जुन्या लॅम्बिक मिसळून बाटलीत पुन्हा आंबवली की ग्यूझ. मे महिन्यात काम थांबलेलं असेल, पण टाकी आणि पिंपं बघायला मिळतील. पहिला घोट आंबट लागेल, इतका की चेहरा वाकडा होईल. त्या क्षणी गुण देऊ नका. ग्लास अर्धा तास समोर ठेवा.

परत येताना सध्याच्या सीमाशुल्क नियमांप्रमाणे माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. कोल्श आणू नका, ती तिथेच ताजी चांगली. ग्यूझच्या ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि ३७५ मिलीची एक, दोन लिटरच्या आत बसतात. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका, घरी आल्यावर अंधाऱ्या, गार कपाटात ठेवा. एक दिवाळीत चौघांत उघडा. उरलेल्या दोघींना घाई नाही, ही बिअर वर्षानुवर्षं टिकते. त्यातली एक २०३० साठी ठेवलीत तरी चालेल.